भूकंपवाले आले

आमच्या कामात निष्कर्ष सावकाश साठतात आणि किस्से भराभर. पालघर जिल्ह्यात डोंगराकडच्या गावांत जमीन अधूनमधून हादरते. लोक थंडीतही अंगणात ताडपत्रीखाली झोपतात, आणि जमिनीच्या पोटात काय चाललंय ते शोधायला आम्ही यंत्रं घेऊन हिंडतो. सापडतं ते बहुतेक वेळा आमचंच अज्ञान.

पहिल्याच दिवशी बोईसर स्टेशनबाहेर रिक्षा केली. आमची खोकी बघून रिक्षावाल्याने विचारलं, "साहब, अगला भूकंप कब आएगा?"

"वो बता नहीं सकते."

"फिर ये मशीन क्या करती है?"

"भूकंप आया तो पता चलता है."

त्याने रिक्षा सुरू केली. "वो तो हमको भी पता चल जाता है," म्हणाला.

पीएचडीला मला सहा वर्षं लागली होती.

उन्हाळ्यात बोईसरच्या एका इमारतीच्या गच्चीवर आम्ही तिवईवर जीपीएस ठेवला. जमीन केसभर सरकली तरी कळावं म्हणून. चौथ्या दिवशी आकडे बघतो तर चांगली वीतभर सरकलेली! मी घाईघाईने आमच्या देसाई सरांना फोन लावला, "सर, खाली मॅग्मा हलतोय बहुतेक."

"आधी गच्चीवर जाऊन या," सर म्हणाले.

गच्चीभर कुरडया पसरलेल्या. घरमालकीण पवारकाकू साताऱ्याकडच्या. म्हणाल्या, "तुमच्या त्या तिकाटण्याची सावली पडत होती, म्हणून जरा बाजूला सारलं. बिघडलं का काही?"

तेवढ्यात सरांचाच फोन. "काय म्हणतोय मॅग्मा?"

"वाळत घातलाय, सर."

मग एका शाळेच्या मागे बसवलेलं यंत्र. तिथे रोज पावणेअकराला बारीक धक्के यायचे. रविवारी एकही नाही. मी त्यावर दोन पानी टिपण लिहून सरांना दिलं, आणि शाळेत गेलो. आदल्या महिन्यात मीच मुलांना दाखवलं होतं, की उडी मारली की पडद्यावर रेघ हलते. तेव्हापासून प्रार्थना झाली की अख्खी चौथी यंत्राशेजारी रांगेने उड्या मारत होती. टिपण परत मागायला गेलो तर सरांनी ते भिंतीवर लावलं होतं.

घरी तर बोलायलाच नको. एका दुपारी पालघरला जेवत होतो. बायको म्हणाली, "अहो, भूकंप झाला."

मी म्हटलं, "छे, ट्रक गेला असेल. मला कळलं असतं."

पाच मिनिटांनी सरांचा फोन आला. तेव्हापासून ती मला ट्रकतज्ज्ञ म्हणते.

जानकीआजीचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. डोंगरपायथ्याच्या तिच्या घरात आमचं एक यंत्र पुरलेलं. सुनेला मुलगी झालेली, जेमतेम पंधरा दिवसांची. बाहेर कडाक्याची थंडी, आत भिंतीला हात जाईल एवढा तडा. दर खेपेला आजी एकच विचारायची, "सायेब, पोरीला आत निजवू का भायेर?" मला त्या प्रश्नाची धास्ती वाटायची, कारण उत्तर खरंच येत नव्हतं.

त्या दुपारी मी आत बसून डेटा लॅपटॉपवर उतरवत होतो. बाळ झोळीत, सून शेजारी. आजीने परत विचारलं. मी चष्मा सारखा केला आणि अगदी सोपं करून समजावलं, की धक्के बहुतेक लहानच असतात, पुढचं कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा निर्णय शांत डोक्याने घ्यायचा, घाबरून नाही.

तेवढ्यात जमीन गुरगुरली आणि कौलं खडखडली.

भानावर आलो तेव्हा मी अंगणात होतो, अनवाणी, एकटा. मग बाळाला छातीशी धरून सून आली. तिच्यामागून आजी आली, माझा लॅपटॉप घेऊन. तो तिने नीट माझ्या हातात दिला आणि सुनेकडे वळली.

"झोळी भायेर बांध गं. सायबांनी सांगितलं."