ओठांवरचं तेलुगू

मी अमेरिकेला निघालो तेव्हा नायना, म्हणजे माझे वडील, मागावर होते. सोलापूरच्या त्या शेडमध्ये यंत्रमागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतात. अम्मानं बॅगेत चादर कोंबली. नायनांनी माग थांबवला नाही. मान वळवून फक्त ओठ हलवले, 'पोटभर जेव.'

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. इथं कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्येही हे मी छाती पुढे काढून सांगतो. घर तेलुगू, शाळा मराठी. त्यामुळे तेलुगू सिनेमाचे संवाद लिहितो, तेही देवनागरीत. हैदराबादवाले हसतात. हसू देत. आठवडाभर चिप डिझाइन, वीकेंडला सिनेमा. पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, मराठी काकू प्रेमानं वाढतात आणि विचारतात, "तुम्ही तेलुगू ना?" तेलुगू मित्र म्हणतात, "तू तर मराठी यार!" दोन्हीकडे पाहुणाच.

पहिला सिनेमा मी फक्त लिहिला होता. तोवर मागानं नायनांचे कान पार नेले होते, तरी हौसेनं थिएटरात जाऊन आले. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "सगळं झकास. पण ती पोरगी सारखं एक-दोन-तीन-चार काय म्हणत होती रे?"

नायिकेला तेलुगू येत नव्हतं. कॅमेऱ्यासमोर तिनं नुसते आकडे म्हटले होते, संवाद नंतर दुसऱ्या बाईनं डब केले. सगळ्यांनी ते ऐकले. ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांच्यापर्यंत एकही पोचला नाही.

म्हणून पुढच्या सिनेमाचा मी निर्माता झालो, इथल्याच दोन मित्रांना सोबत घेऊन. अट एकच, पडद्यावर बोलणाऱ्याला तेलुगू आलं पाहिजे. दिग्दर्शक वैतागला, "सर, ओठ कोण बघतं?"

म्हटलं, "माझे नायना."

शूटिंगला जाता आलं नाही. व्हिसाचं घोंगडं भिजत पडलंय. अमेरिकेबाहेर पडलो तर परत घेतील याची खात्री नाही. अपार्टमेंटमध्ये एकटा बसून फोनवर टेक बघायचो, आवाज बंद करून. शब्द ओठांवर दिसला तरच ओके.

रिलीजला इथल्या थिएटरात पोरांनी शिट्ट्या मारल्या, कागदाचे कपटे उधळले. घरी आलो तर शर्टाच्या कॉलरमधून कपटे गळत होते, आणि ते दाखवायला कुणी नव्हतं.

रविवारी नायनांचा कॉल आला. आता ते आवाज लावतच नाहीत, शेडमधल्यासारखे नुसते ओठ हलवतात. 'सगळं कळलं. शब्द न् शब्द.'

मी हसलो. डोळे पुसले. त्यांचे ओठ परत हलले.

'तुझ्या सिनेमातला मुलगा शेवटी घरी येतो. तू कधी येतोस?'

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, फोनवर 'येतो लवकरच' म्हणणं सोपं असतं. त्यातलं खोटं आवाज सांभाळून घेतो. जिथं तो आवाज कामी येत नाही, तेच आता माझं घर.

नायना माझ्या ओठांकडे बघत राहिले. मला ते हलवता आले नाहीत.