छातीतली टिकटिक

“टिकटिक कधीपासून ऐकू येत नाही?” नांदेडच्या डॉक्टरांनी माझ्या छातीवरचा स्टेथोस्कोप न उचलताच विचारलं.

मला धाप लागली होती. सासूबाईंनीच कौतुकानं सांगितलं, “झाले की आठ-दहा दिस. लई बरं वाटून राहिलं बघा. घर कसं शांत हाय.”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं.

माझ्या हृदयात धातूचा व्हॉल्व्ह आहे, म्हणजे रक्त उलटं फिरू न देणारी झडप. ती मिटताना वाजते. देगलूरच्या आमच्या घरात ती सगळ्यांना ऐकू यायची. सासूबाई पूजेला बसल्या की ओरडायच्या, “सूनबाई, तुझं घड्याळ घेऊन तिकडं जा गं माय!”

झडपेवर रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, जन्मभर घ्यावी लागते. मी दाढ काढली आणि हिरडीतलं रक्त थांबेना. घाबरून मनानंच गोळी बंद केली. हिरडी भरली, तरी गोळी डबीतच राहिली. मग आवाज दबत गेला आणि आम्ही येडे खूश! “बसला एकदाचा व्हॉल्व्ह अंगात,” म्हणत सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. ती साखर आठवली की अजून अंगावर काटा येतो.

एको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झडपेत रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टर म्हणाले, “गुठळी विरघळवायचं औषध सलाइनमधून देतो. मेंदूत रक्तस्रावाचा धोका आहे. पण थांबलो तर या वाचणार नाहीत.” आमच्या यांनी सही केली.

आयसीयूत मशीन वाजत होती, शेजारची बाई कण्हत होती. माझाच तेवढा आवाज नव्हता. मेल्यावर असंच असेल, असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिक्‌ आली. मग आणखी एक. मी हमसून हमसून रडले. त्या डॉक्टरांचे उपकार फिटणार नाहीत.

तुमच्या घरी कुणाला अशी झडप असेल, तर दात काढायचा असो की काही, गोळीचं हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारा. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, टाळू नका. आणि आवाज दबला तर साखर ठेवू नका, दवाखाना गाठा.

घरी आल्यापासून सासूबाई रोज माझ्या छातीला कान लावतात. परवा कान लावला आणि किंचाळल्या, “न्हाई गं माय, वाजत न्हाई!” माझ्या हातातली परात पडली. हे धावत आले, त्यांनी कान लावला. चालू होती. कमी झालं होतं ते सासूबाईंचं ऐकणं.

आता त्या कान लावत नाहीत. छातीवर तळहात ठेवून डोळे मिटतात. त्यांच्या हाताला ठोका लागेपर्यंत मीही श्वास रोखून उभी असते.