नमस्कारापुरता गुडघा

अमरावतीच्या राजापेठेतल्या ट्यूशन क्लासात मी गणित शिकवायची. उजव्या गुडघ्याच्या वर दुखायला लागलं, सूज आली, तेव्हा घरच्यांनी निदान केलं: उभ्यानं शिकवते म्हणून. आमच्याकडे निदान करायला शिक्षण लागत नाही, मोठा आवाज लागतो.

शेवटी मला अकोल्याला नेलं. अमरावतीत डॉक्टर नाहीत म्हणून नव्हे, ओळखीचे लोक आहेत म्हणून. लग्नाच्या पोरीचं दुखणं लपवायला आमचे लोक जी धावपळ करतात, ती बरं करायला केली असती तर काय पाहिजे होतं!

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आतून पोखरलेलं, बाहेर अंड्याच्या टरफलासारखी पातळ भिंत. सुईनं तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं: जायंट सेल ट्यूमर. ऐन तारुण्यात, बहुतेक सांध्याजवळच होतो. कॅन्सर नाही, पण हाड खात जातो, आणि नीट काढला नाही तर परत येतो.

"आतलं सगळं खरवडून काढू, पोकळीत सिमेंट भरू. गुडघा तुमचाच राहील," डॉक्टर म्हणाले. "पण उशीर नको. तोवर कुबड्या घ्या, या पायावर भार देऊ नका."

सोबत आई आणि मामा होते. मामांचा शेंदूरजनाघाटला संत्र्याचा बगीचा आहे, आणि त्यांना विचारल्याशिवाय आई कुकरही लावत नाही. बाहेर येताच त्यांनी निकाल दिला.

"गाठीले सुरी लागली का ते पसरते. अन् तिवस्याचे पाव्हणे येऊन राह्यले. पायाचे टाके पाहून कोन करन इच्याशी लग्न? आधी पसंती होऊ द्या."

"मामा, डिंक्या रोग झालेल्या झाडाची साल तुमी चाकूनं खरवडता, वरून मलम लावता. का आधी झाडाचं लग्न लावता?"

"झाडाची गोष्ट अलग असते."

खरंच अलग होती. झाडाची त्यांना काळजी होती.

पाहुणे आले. कुबड्या पलंगाखाली गेल्या. मी भिंतीला धरून आले, पोहे दिले, काय शिकले ते सांगितलं. मग आईनं डोळ्यानं खुणावलं. पसंतीला बसलेल्या मुलीनं बसलेल्या प्रत्येकाच्या पाया पडायचं असतं. मुलाच्या आईसमोर वाकले आणि गुडघ्यात कडकन आवाज झाला. मी तिच्या पायांवरच कोसळले. पाहुण्यांनी बश्या ठेवल्या आणि चपला शोधल्या. मुलानं तेवढ्यात पोहे संपवले.

पुन्हा अकोला. हाड सांध्यातच फुटलं होतं, गाठ भिंत फोडून बाहेर आली होती. डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला.

"आता खरवडून भागणार नाही. हाडाचं टोक कापून धातूचा गुडघा बसवावा लागेल. मांडी घालून बसणं विसरा."

मामा पुढे सरकले.

"डॉक्टरसाहेब, डाग लुगड्यात झाकला जाईन न?"

मला त्या माणसाची किळस आली. "मामा, बाहेर निघा," मी म्हणाले.

ते तोंड पाडून बाहेर गेले. गुडघा माझा जाणार होता, आणि आई मामांची समजूत काढायला त्यांच्या मागे गेली.