वाफाळलेलं पुंजणं

धान कापलं आणि संध्याकाळी आभाळ भरून आलं. कापलेलं धान बांधीतच, म्हणजे शेताच्या खाचरातच, दोन-तीन दिवस वाळू द्यावं लागतं. मी घाई केली, ओल्याच पेंढ्या बांधल्या आणि एकावर एक रचून पुंजणं उभं केलं. पुढच्या वर्षाचं आमचं सगळं बियाणं त्यात होतं. दादा बल्लारशाला लाकडाच्या डेपोत कामाला गेलेला. शेत माझ्या भरवशावर.

पाऊस आलाच नाही. थंडी पडली, आणि सकाळी पुंजण्याच्या माथ्यावरून वाफ निघू लागली. मला ते शुभ वाटलं. हे लिहितानाही मान खाली जाते. मी त्याला पाठ टेकून ऊब घेत बसायचो. शेजारच्या ढीवराला मी भाऊ म्हणायचो. ते तलावावरून मासे घेऊन कुडकुडत येत आणि माझ्याजवळ टेकत.

"काऊन रे, आत शेगडी ठेवली का?"

एके दिवशी वहिनी भाकर घेऊन आली. तिनं पेंढ्यांत हात खुपसला आणि झटकन मागे घेतला.

"भाऊजी, हे तं शिजून राह्यलं! बी मरते ना!"

"हंडीचा खर्च वाचला, बाई," भाऊ म्हणाले. पण माशांची टोपली खाली ठेवून तेच आधी वर चढले.

दुपारपर्यंत आम्ही तिघांनी सगळ्या पेंढ्या पसरल्या. मधल्या काळ्या पडलेल्या, हातात धरवेनात. बाहेरच्या गार होत्या. टोपलीतले मासे तोवर नासले. भाऊंचा बाजार बुडाला.

वहिनीनं दोन्हीकडचे दाणे ओल्या फडक्यांत बांधून ठेवले. मधल्यांना मोड आले नाहीत. बाहेरच्यांना आले. मी चुलीपाशी बसून रडलो.

पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलाच्या मास्तरांनी मला समजावलं. ती ऊब डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची होती. ओल्या काडीवर ते वाढतात, ढीग तापवतात, आणि मग कढत उष्णतेतच फोफावणारे त्यांची जागा घेतात. उकळत्या झऱ्यांतही त्यांचे भाऊबंद सापडतात. पृथ्वी तापलेली होती तेव्हाचे पहिले जीव असेच असावेत, असं काही जाणकारांना वाटतं. आमचं बी जिथे मेलं, तिथे कुणीतरी सुखानं नांदत होतं.

त्या वर्षी वाचलेलं बी आम्ही पुढच्या पावसाळ्यात पेरलं होतं. नवं धान निघालं तेव्हा पहिली टोपली मी भाऊंच्या दारात नेली.

"वाळवून रचलं ना या वर्षी?"

"वाळवून रचलं, भाऊ."

"मंग आता मले टेकाले ऊब नाई," ते म्हणाले, आणि हसत मला चुलीजवळ बसवलं.