औरंगाबादचं गिऱ्हाईक

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसणारच तुम्ही, पण निदान तोंडातला चहा आधी गिळून घ्या. परवा आमच्या जाऊबाईंना हेच सांगताना ठसका लागला आणि पाठ चोळत मलाच बसावं लागलं.

तर आमचे हे. परंड्याजवळच्या आमच्या गावच्या सोसायटीत सेक्रेटरी. बी.कॉम. झालेले. मी आपली सातवी पास. ह्यांच्या मनात आणखी शिकायचं होतं, सहकार आणि बँकेच्या कारभाराचं मोठं शिक्षण, दोन वर्षांचं. ते झालं की बँकेत साहेबाची नोकरी. दुष्काळानं गावात काही ठेवलंच नव्हतं. विहिरीत बादली सोडली की पाण्याचा नाही, दगडाचा आवाज यायचा. म्हणून मीही म्हटलं, शिका.

दोन ठिकाणी अर्ज धाडले आणि दोन्हीकडनं बोलावणं आलं. आता ह्याला सुख म्हणायचं की काय? औरंगाबादचं कॉलेज शिष्यवृत्ती देत होतं, राहायला खोलीही देत होतं. पण खोली एकट्या पुरुषाची, बायको-लेकरू चालणार नाही. सोलापूर जवळ. तिथं माझ्या मावशीकडं एक खोली रिकामी होती, आम्ही तिघं मजेत राहिलो असतो. पण सोलापूरवाले शिष्यवृत्तीचं नाव काढत नव्हते, आणि तिच्याशिवाय शहरात खायचं काय?

म्हणजे हे जाणार औरंगाबादला, आणि मी इथं रेखाला घेऊन. रेखा माझी तान्ही. ती झोपली की मी तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघणार. ती शिंकली की मी पायात चपला घालून दवाखान्याला निघालेली. अशा बाईनं दोन वर्षं एकटीनं काढायची?

मी ह्यांना म्हटलं, सोलापूरच्या कॉलेजातल्या सरांना सरळ विचारा, औरंगाबाद एवढं देतंय, तुम्ही काय देता? ह्यांनी मान सुद्धा वर केली नाही. "ते कॉलेज हाय, बाजार न्हाय," म्हणाले. झालं बोलणं. दुकानदारानं किडके शेंगदाणे दिले तर घरी येऊन मुकाट्यानं निवडत बसणारा माणूस, तो काय घासाघीस करणार?

मग मी माझ्या मामांना गाठलं.

मामा म्हणजे बैलांचे हेडी. एकाचा बैल दुसऱ्याला विकून द्यायचा, हा धंदा. त्या साली बाजारात नुसते विकणारेच, घेणारा कुणी नाही. सौदा करायला मिळेना म्हणून मामा बेचैन. माझं ऐकलं आणि त्यांच्या अंगात वारं आलं. म्हणाले, एका गिऱ्हाइकावर भाव कधी चढत नसतो. दुसरं गिऱ्हाईक डोळ्यासमोर उभं करावं लागतं.

बाजारातली ही त्यांची जुनी युक्ती. भाव अडला की आपलाच माणूस गिऱ्हाईक म्हणून पुढं करायचा. त्यानं यायचं, बैलाच्या पाठीवर हात टाकायचा आणि म्हणायचं, "सोडा दावं, म्या नेतो." खरं गिऱ्हाईक घाबरतं आणि भाव वाढवतं.

इथं दुसरं गिऱ्हाईक कोण? औरंगाबादचं कॉलेज. आणि त्या कॉलेजचे सर कोण? आमचे मामा!

तुम्ही म्हणाल, तुला अक्कल नव्हती का? नव्हती. असती तर हा किस्सा कुठनं झाला असता?

रेखाला सोलापूरच्या डॉक्टरला दाखवून आणते, असं ह्यांना सांगितलं. मामांनी फेटा घरी ठेवला, डोक्याला तेल चोपडलं आणि तलाठ्याचा कोट मागून आणला. तलाठी काडीसारखा, मामा आडवे. बटण एकही लागेना. अशा थाटात आम्ही रविवारी सोलापुरात सरांच्या दारात उभे राहिलो.

सर साधा माणूस. बसा म्हणाले, त्यांच्या बाईंनी चहा टाकला. मी रेखाला मांडीवर घेऊन पाठ केलेलं बोलले, की माझ्या मालकांना तुमच्याकडंच शिकायचं आहे, पण हे औरंगाबादचे सर त्यांना न्यायलाच आलेत.

"तुमची गाठ कुठं पडली?" सरांनी विचारलं.

"कुर्डुवाडीच्या स्टँडवर," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

सर मामांकडं वळले. "आपण काय शिकवता?"

"पडंल ते," मामा म्हणाले.

"बरं. आणि विद्यार्थी कसा वाटला?"

आता मामांना सूर सापडला. "लई गुणाचा. चालीला सरळ, खायला कमी. कुणाच्या अंगावर जात न्हाय. लेकरानं कान धरला तरी हलत न्हाय."

"दात बघितले?"

"तेवढे राह्यले," मामा म्हणाले.

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, होय की नाही? पण माझं सगळं लक्ष शिष्यवृत्तीकडं. मामांनी गुडघ्यावर थाप मारली. "तर म्या आजच सोडून नेतो. तुमी काय वाढवून देताव, ते बोला."

सरांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. "आम्ही काय वाढवणार? तुम्ही एवढे लांबून आलात, घेऊन जा. मी उद्या ती जागा दुसऱ्याला देतो."

अख्ख्या आयुष्यात मामांना बाजारात असं कुणी म्हटलं नव्हतं. ते माझ्याकडं बघायला लागले. आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मामा, आता काय करायचं वो?"

सरांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"हे तुमचे मामा?" सर म्हणाले.

मामांनी तरी सौदा सोडावा की नाही? म्हणाले, "हाय मामा. पण व्यवहारात आमी नातं धरत न्हाय."

मग मला रडूच कोसळलं. माझं बघून रेखानंही सूर लावला. हुंदके देत देत सगळं सांगून टाकलं, मामांच्या बाजारातल्या युक्तीपासनं तलाठ्याच्या कोटापर्यंत.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, तुमचे मालक मागच्याच आठवड्यात येऊन गेले. औरंगाबादला नकार कळवूनच आले होते. शिष्यवृत्ती मिळो न मिळो, मी इथंच शिकणार म्हणाले. भाव नाही केला, काही नाही. असा माणूस हातचा घालवायचा कसा? मी इथल्या एका बँकेला गळ घातली. कालच त्यांनी खर्च उचलायचं कबूल केलंय. ते पक्कं झाल्याशिवाय तुमच्या जिवाला घोर नको, म्हणून ते तुम्हाला बोलले नसतील."

मी नाक पुसलं. जीव भांड्यात पडला, पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, एक काळजी मिटली की मी दुसरी शोधणार. विचारलं, "पण सर, एवढं चांगलं औरंगाबाद त्यांनी सोडलं कशापायी?"

सर हसले. "त्यांच्या पाठीवर आधीच एका गिऱ्हाइकाचा हात पडलाय, वहिनी. त्याला सोडून ते कुठं जायला तयार नाहीत."

मी रेखाला छातीशी धरलं. म्हटलं, "पुण्याचं कॉलेज का वो सर? तिथं तरी बायको-लेकरू चालतंय का?"

बाई कपबशा तिथंच ठेवून तोंडाला पदर लावून आत पळाल्या. सर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे नुसते हलत होते. मामांनी कोट काढून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "ऊठ पोरी. कोन गिऱ्हाईक ते म्या तुला वाटंनं सांगतो."

कुर्डुवाडी आली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि मग परंड्यापर्यंत मी पदरातनं तोंड बाहेर काढलं नाही.