उतारावरचा छर्रा

"छर्रा आण."

नववीत असताना सरांनी मला दिलेलं काम एवढंच. गतीचा धडा चालू होता. लाकडी फळी दोन विटांवर तिरपी टेकवलेली. वरून बेअरिंगमधला छर्रा सोडायचा, तो खाली पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं, अंतराला वेळेनं भागून चाल काढायची. सेकंद मोजायचं घड्याळ शाळेत एकच. ते सगळ्यांच्या हातातून फिरायचं. माझी पाळी आली की सर म्हणायचे, "तू खाली बस. छर्रा धर."

एकदा मी विचारलं, "सर, मले कवा भेटन घड्याळ?"

"तुह्या मायले वाकाची सवय हाय ना? तू बी वाक."

वर्ग हसला. माझी माय त्याच शाळेचं पटांगण झाडायची. तेव्हा ती खिडकीबाहेरच होती. तिचा झाडू थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

सुनीता माझी एकुलती एक मैत्रीण. तीही हसली.

आम्ही मांग. शाळेत हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. गरजच पडत नव्हती.

पण फळीच्या पायथ्याशी बसून मला एक गोष्ट कळली. छर्रा तळहातावर आदळायचा तो चांगलाच जोरात. पोरांनी वहीत लिहिलेल्या चालीपेक्षा जोरात. मी म्हणाले, "सर, हे तं सगळ्या फळीची सरासरी झाली. खाली येतावक्ती छर्रा जास्त पळते."

"तुले विचारलं काय कोणी? छर्रा आण."

त्या रविवारी बाबा शेलूबाजारला लग्नात वाजवायला गेलेले. त्यांचं जुनं डफडं घरी होतं. मी प्लास्टिकची नळी उभी चिरून पायरीवर तिरपी लावली. काडीनं डफड्यावर ठेका धरला, दुसऱ्या हातानं कंचा सोडला, खेळायची काचेची गोटी. उतार कमीजास्त करत राहिले, ठोक्याशी मेळ बसेपर्यंत. एका ठोक्यात कंचा पाव नळी गेला. पुढच्या ठोक्यात उरलेली पाऊण. वेळ तेवढाच, अंतर तिप्पट. म्हणजे चाल वाटेत वाढत होती. दहादा करून पाहिलं. दहाही वेळा तेच.

सांगायला कोणी नव्हतं. दारात एकटीच बसून राहिले.

पुढच्या तासाला छर्रा घरंगळत कपाटाखाली गेला. सर म्हणाले, "आण."

"मी नाही आणत. आज घड्याळ माझ्या हातात द्या."

सर लाल झाले. "माजली काय? निंघ भाईर!"

निघाले. व्हरांड्यातच बसून अर्ज लिहिला. सर मायबद्दल काय बोलले, ते शब्दाला शब्द. खाली नाव, आडनाव. नेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला.

दोन दिवसांनी त्यांनी बोलावलं. समोर दुसरा कागद. टाइप केलेला. माझा गैरसमज झाला होता, अर्ज मागं घेते, असं त्यात लिहिलेलं. खाली सहीपुरती जागा. मायलाही बोलावलेलं. ती दाराशी उभी, हात जोडून.

"कर ना वं बाई सही. माहं काम जाईन."

मी पेन उचलला नाही.

आठ दिवसांत मायचं काम गेलं. सरांना काही झालं नाही. सुनीतानं बाक बदलला. दहावी संपेपर्यंत मी बाकावर एकटी. मधल्या सुट्टीत डबाही एकटीच खायचे.

आता वाशिमला भौतिकशास्त्र शिकते. वर्गात आमच्या वस्तीतलं दुसरं कोणी नाही. माय लोकांच्या वावरात तण निंदायला जाते. घरी गेले की अजून विचारते, "सही केली असती तं काय गेलं असतं तुहं?"

तिचे हात बघवत नाहीत. पण तिचं काम मी घालवलं नाही. त्यांनी घालवलं. हे ओझं मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. कोणी पुन्हा तसा कागद पुढं सरकवला, आणि दाराशी पुन्हा माय हात जोडून उभी असली, तरी सही करणार नाही.