बॉनेटवरचा फॉरवर्ड

आखातातल्या वादी कबीर भागातल्या त्या गॅरेजवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. रत्नागिरीकडचा माणूस, सगळे त्याला भाई म्हणायचे, मीही म्हणायचो. हातात पाना असला की तो मुका. पाना खाली ठेवला की फुटबॉल सुरू.

अठ्ठ्याण्णवच्या वर्ल्ड कपच्या दिवसांत माझ्या गाडीचा सायलेन्सर बदलताना मी सहज बोलून गेलो, "फॉरवर्डची किंमत शेवटी गोलांवरच."

भाईने पाना खाली ठेवला आणि सायलेन्सरचे नट बॉनेटवर मांडले.

"तुमी लोक नुसते गोल मोजता, साहेब. हे दोन डिफेंडर. हा आपला फॉरवर्ड." त्याने एक नट पार कडेला सरकवला. "हा इकडं पळाला, दोघं त्याच्या मागं धावले. मधी मैदान मोकळं. गोल दुसराच मारतो, पण किंमत कुणाची?"

"गोल मारणाऱ्याची!"

तासभर भांडलो. "खलास! तुमाला नाय कळायचं," म्हणत त्याने घाईघाईने काम उरकलं.

तिथून पार बरका गावापर्यंत गाडी खडखडत राहिली. तणतणत परत आलो, तर भाई दारातच उभा. तळहातावर एक नट. माफी वगैरे काही नाही. गाडीखाली शिरून त्याने तो नट आवळला, खडखड थांबली.

"तुमचा फॉरवर्ड, साहेब," हात पुसत तो म्हणाला, "कडेवरून खाली पडला होता. गोल एकपण मारला नाय त्याने. तरी बरक्यापर्यंत त्याचीच आठवण येत होती ना?"